बिलाची शिट्टी

जगातल्या प्रत्येक देशाला आपली टेलिफोनची तार सोवळ्यात ठेवायची असते. तिला बाहेरच्या कुणी हात लावायचा नाही, आणि लावायचाच असेल तर आधी अर्ज भरून, तीन प्रतींत, शिक्के मारून. ही अक्कल मला वयाच्या चोविसाव्या वर्षी आली, आणि ती येता येता मी एका म्हाताऱ्या माणसाची अब्रू घालवली. ओळखीचे लोक कौतुकानं विचारतात, तुम्ही त्या काळात मोडेम बनवायचात, केवढी मजा आली असेल नाही? आली ना. सांगते.

नव्वद सालाच्या आगेमागे बिबवेवाडीत एका बंगल्याच्या तळमजल्यावर आमची कंपनी होती. मालक, एक हिशेबनीस, जोडणी करणाऱ्या चार बायका, काका आणि मी, एवढ्यांना कंपनी म्हणायचं. संगणकाच्या पोटातली माहिती आवाजात बदलून फोनच्या तारेतून पाठवायची आणि पलीकडच्या टोकाला त्या आवाजाची पुन्हा माहिती करायची, असा डबा म्हणजे मोडेम. आम्ही तो डबा बनवायचो. आपल्याकडे तो तारेला जोडायचा तर टेलिफोन खात्याची परवानगी लागायची. अर्ज घेऊन गेलं, की खिडकीमागचे गृहस्थ चष्म्यावरून बघत विचारायचे, "हे नेमकं काय जोडणार आपण आमच्या लायनीला?" मी समजावून सांगायचे. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "म्हणजे फोन नाही ना? मग फॉर्म वेगळा."

मला वाटायचं, हा आपल्याच देशाचा खाक्या. मग मालकांनी एक जर्मन व्यापारी गाठला. तो आमचे डबे घ्यायला तयार होता, पण अट एकच होती, तिकडच्या प्रयोगशाळेची मंजुरी आणायची. मंजुरीची फाइल करायचं काम माझ्याकडे आलं. मी कर्वेनगरहून मोपेडवर यायचे, खुर्चीत बसायचे आणि संध्याकाळपर्यंत वेगवेगळ्या देशांचे नियम टाइप करायचे, कारण मालकांना एकदा जर्मनी झाली की सगळा युरोप काबीज करायचा होता. प्रत्येक देशाची तऱ्हा निराळी. कुठं नंबर फिरवताना ठोक्यांमधली उसंत वेगळी, कुठं घंटीचा दाब वेगळा, कुठं प्लगमध्ये तारांचा क्रम उलटा. एक नियम तर मला फारच आवडला होता. एकच नंबर पुन्हा पुन्हा लागला नाही, तर काही प्रयत्नांनंतर मोडेमनं तो नंबर फिरवणं बंद करायचं, आणि माणूस येऊन सांगेपर्यंत बंदच ठेवायचं. आपल्याकडे माणसं ट्रंक कॉलच्या वेळेपासून दिवसदिवस एकच नंबर फिरवत बसली. तिकडे यंत्रालासुद्धा तेवढा चिवटपणा माफ नव्हता.

या सगळ्यात एक प्रकार होता बिलाच्या शिट्टीचा. आपल्याकडे एसटीडीच्या बूथमध्ये लाल आकडे पळायचे, ते आठवत असतील. तिकडे घरच्या फोनला किंवा हॉटेलातल्या फोनला तसा मीटर लावता यावा, म्हणून बोलणं चालू असतानाच एक्स्चेंज तारेतून मधूनमधून एक उंच सुराची शिट्टी सोडायचं. एक शिट्टी, एक एकक. जर्मनीत ती सेकंदाला सोळा हजार कंपनांची, शेजारच्या स्वित्झर्लंडात बारा हजारांची. एका देशाची शिट्टी दुसऱ्याला चालत नाही. साध्या फोनमधून ती बोलणाऱ्याच्या कानापर्यंत पोचतच नाही, पण मोडेमच्या डोक्यात मात्र गोंधळ होतो, माहितीची अक्षरं बिघडतात, कधी लाइनच तुटते. म्हणून मोडेमच्या तोंडाशी एक गाळणी बसवायची. गाळणी म्हणजे तांब्याच्या तारेचं एक वेटोळं, ज्याला आम्ही कॉइल म्हणायचो, आणि त्याच्या मधोमध फिरणारा एक काळा खडा. तो खडा नेमका तेवढाच आत-बाहेर फिरवला की शिट्टी अडते. थोडं इकडे-तिकडे झालं की निसटते.

तो खडा फिरवण्याचं काम काकांचं.

काका एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले. साठी ओलांडलेली, पांढरा शर्ट, बाह्या मनगटापर्यंत, नारायण पेठेतून सायकलवर बिबवेवाडीचा चढ चढून यायचे आणि आल्यावर धापसुद्धा न टाकता कामाला बसायचे. उभा जन्म त्यांनी तारांना कान लावण्यात घालवला होता. कुठल्या लाइनीत ओल आहे, कुठं दोन जोड्या एकमेकींना चिकटल्यात, हे ते नुसतं ऐकून सांगायचे, आणि ते खरं निघायचं. याची मालकांनी आल्या-गेल्याला इतकी वर्णनं ऐकवली होती, की पाहुणे काकांच्या कानांकडेच बघत राहायचे. खडा फिरवायला धातूचं हत्यार चालत नाही, त्यानं कॉइलचा स्वभावच बदलतो. म्हणून काकांनी बायकोची विणायची प्लॅस्टिकची सुई घासून चपटी केली होती. डाव्या कानात इअरफोन, उजव्या हातात सुई, डोळे मिटलेले. मग म्हणायचे, "गेली. पुढची."

माझ्याशी ते चांगले होते. फार चांगले होते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्या बाजूनं उभं राहायला नको. कॉलेजात मला कुणी डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंग करायला, नीट शिकवलं नव्हतं, ते काकांनी शिकवलं. मला ते "काय इंजिनिअरीणबाई" म्हणायचे, त्यात टोमणा असायचा, पण मी चुकले की माझी चूक मालकांच्या कानावर जायच्या आत स्वतः दुरुस्त करून ठेवायचे. एकदा मी अख्ख्या दिवसाच्या बोर्डांवर एक भाग उलटा लावून घेतला. काकांनी दुसऱ्या दिवशी लवकर येऊन ते सगळे सुलटे केले आणि मला एवढंच म्हणाले, "काल दिवे बरोबर नव्हते वाटतं."

एके दिवशी त्यांनी इअरफोन माझ्या हातात दिला. "तूही शिक. मी काय जन्मभर पुरणार नाही." खडा फिरवून झाला होता, "गेली" म्हणून झालं होतं. मी इअरफोन कानाला लावला.

शिट्टी गेलेली नव्हती. ती तिथंच होती, बारीक, टोकदार, दाताच्या डॉक्टरकडच्या यंत्रासारखी, फक्त त्याहून वरच्या सुरातली. मला वाटलं, मला काही कळत नसेल. मी दुसरी कॉइल घेतली. तीही शिट्टी वाजवत होती. तिसरी गप्प. चौथी पुन्हा वाजत होती.

काका नेमकं काय ऐकत होते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. आमच्याकडे शिट्टी तयार करणारं यंत्र घरीच बनवलेलं होतं, आणि त्यातून प्रत्येक शिट्टीच्या सुरुवातीला बारीकसा टक् असा आवाज यायचा. काका त्या आवाजाला शिट्टी समजत होते. तो कमी झाला की त्यांच्या लेखी काम झालं. त्याच्या मागून येणारी खरी शिट्टी त्यांच्या कानांच्या टप्प्यातच उरली नव्हती. वय झालं की वरचे सूर आधी जातात. माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण ऐकू न आलेल्या गोष्टीची चुटपूट लागत नसते.

मी सांगितलं नाही असं नाही. एकदा सांगितलं. आणि तेही चार बायका जोडणी करत बसलेल्या असताना, सगळ्यांसमोर, म्हणजे जिथं सांगायला नको होतं नेमकं तिथं.

"काका, मला अजून थोडी ऐकू येतेय."

"काय ऐकू येतंय?"

"शिट्टी."

"तू तरुण आहेस. तुला काहीही ऐकू येईल."

बायका खदखदून हसल्या. काकाही हसले. त्यांनी विनोद केला होता, आणि बोलले होते ते अक्षरशः खरं होतं, पण तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ते ठाऊक नव्हतं. मी हट्टानं कॉइल स्कोपला लावून दाखवली. स्कोप म्हणजे विजेच्या लाटा पडद्यावर दाखवणारं यंत्र. आमचा जुन्या बाजारातून आणलेला होता आणि त्यातली रेघ कायम थरथरत असायची. काकांनी एकवार बघितलं. "आधी त्याला सरळ उभं राहायला शिकव, मग माझ्या चुका काढायला सांग."

मी मालकांकडे गेले. मालकांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि दुखावल्यासारखा चेहरा केला. "अगं, त्या माणसानं आयुष्यभर हेच केलंय. तू आता त्यांची परीक्षा घेणार? उद्या त्यांनी यायचं बंद केलं तर? तू तुझ्या फाइलचं बघ. काका गेली म्हणाले ना, मग काय आकडा बसतो तो लिही."

मग मी आकडा लिहायला लागले. फाइलमध्ये प्रत्येक नगासमोर एक रकाना होता, गाळणीतून निसटलेल्या शिट्टीचा जोर किती. काका "गेली" म्हणायचे आणि मी मर्यादेच्या आतला एक सभ्य आकडा टाकायचे. दर वेळी तोच टाकला तर संशय येईल म्हणून जरा कमी-जास्त करायचे. पुण्यातला माणूस अनोळखी माणसाला दारातच उभं करून चार शब्दांत वाटेला लावतो, याचा आम्हाला केवढा अभिमान. पण घरातल्या, कचेरीतल्या वडीलधाऱ्याला "तुमचं चुकतंय" एवढे दोन शब्द म्हणायची वेळ आली, की आमची बोबडी वळते, आणि त्या बोबडीला आम्ही संस्कार म्हणतो. माझ्यावर ते संस्कार उत्तम झाले होते. तोपर्यंत तरी माझी चूक एवढीच होती, असं मला आजही वाटतं.

पुढचं मात्र संस्कारांच्या माथी मारता येत नाही.

आठ नग तयार झाले. ते घेऊन कुणीतरी प्रयोगशाळेत जायचं आणि परीक्षा होईपर्यंत तिथं थांबायचं ठरलं, कारण काही विचारलं तर उत्तर द्यायला आपला माणूस हवा. मला शंकाच नव्हती. फाइल माझी, इंग्रजी माझं, दर आठवड्याचा पत्रव्यवहार माझा. पासपोर्ट मी गुपचूप आधीच काढून ठेवला होता आणि आईला सांगूनही टाकलं होतं. चहाच्या वेळी मालकांनी सगळ्यांना बोलावलं आणि जाहीर केलं, "काका जातील."

काका स्वतः चमकले. म्हणाले, "अहो, मी काय करणार तिकडे? हिला पाठवा की. सगळं हिनंच केलंय."

मालक हसले. "पांढरे केस बघितले की परदेशातली माणसं जरा नीट ऐकून घेतात. आणि ही एकटी मुलगी, कुठं पाठवता?"

मी मालकांवर चिडायला हवं होतं. चिडलेही. पण मालकांवरच्या रागाचं करायचं काय, पगार त्यांच्या हातात. तो राग दोन दिवसांत घरंगळत काकांकडे गेला. माझी शिफारस करणारे हे कोण? माझं काम मला मिळावं म्हणून यांनी रदबदली करावी, आणि ती फसल्यावर यांनीच कोट शिवायला टाकावा? राग आला की माणसाला काय काय सुचतं. काका रोज दुपारी माझ्यासमोर बसून इंग्रजी वाक्यं पाठ करायचे. माझ्याच फाइलमधली वाक्यं. "हा नग नियमातल्या मर्यादेत बसतो" हे त्यांना चार वेळा म्हणून दाखवायला लागायचं. ते वहीत देवनागरीत लिहून घ्यायचे, खाली रेघ मारायचे आणि म्हणायचे, "तू आहेस म्हणून धीर आहे बघ."

निघायच्या आदल्या दुपारी ते कोट आणायला गेले. जाताना म्हणाले, "झाकणं लावायच्या आधी प्रत्येक नग एकदा कानाला लावून बघ." बायका बाहेरच्या ओट्यावर डबे खात होत्या. आठही नग माझ्यासमोर झाकणं उघडी टाकून ठेवलेले. खडे हलू नयेत म्हणून त्यांच्यावर मेणाचा थेंब टाकायचा आणि झाकणं बसवायची, एवढंच माझं काम उरलं होतं. मी इअरफोन लावला आणि एकेक नग ऐकला. आठांपैकी पाच वाजत होते. काकांची सुई टेबलावरच होती. एका कॉइलला दोन मिनिटं, पाचांना दहा. कुणी बघत नव्हतं. कुणाला कळलंही नसतं, काकांनाही नाही. त्यांनी माझ्या उलट्या भागांचं जसं केलं होतं, तसंच मला करता आलं असतं.

मी मेण वितळवलं आणि आठही खड्यांवर एकेक थेंब टाकला. मेण वाळेपर्यंत तिथं बसून राहिले. मला काका तोंडावर पडायला हवे होते. याला दुसरा शब्द मी बरीच वर्षं शोधला, सापडला नाही.

चौथ्या दिवशी फॅक्स आला. सहा ओळींचा, अतिशय सभ्य भाषेत. बिलाच्या शिट्टीच्या परीक्षेत नग नापास. सादर केलेले आकडे आणि प्रत्यक्षातले आकडे यांत फार मोठी तफावत. मालकांनी तो कागद दोन वेळा वाचला आणि माझ्याकडे बघितलं. आकडे माझ्या अक्षरात होते. मी म्हटलं, "काका सांगतील तसं लिही, असं तुम्हीच म्हणाला होतात." हे वाक्य मी किती दिवस आधी तयार करून ठेवलं होतं, कोण जाणे. फार सहज निघालं.

काका परत आले. कोट घडी करून हातावर घेतलेला. मालकांनी त्यांना बसा म्हटलं नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, "अहो काका, कान गेले होते तर सांगायचं होतं. आम्ही काय तुम्हाला उपाशी ठेवलं असतं?"

"गेलेले कान सांगत नाहीत," काका म्हणाले. एवढंच. आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती.

त्या दिवशी कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवसापासून काकांना सुट्या भागांच्या खोलीत बसवलं. रंगांच्या पट्ट्या बघून रोधकं, म्हणजे रेझिस्टर, निवडायची आणि पाकिटात भरायची. पाहुण्यांना त्यांची ओळख करून देणं मालकांनी बंद केलं. काका महिनाभर आले. त्याच वेळेला, तशाच पांढऱ्या शर्टात. माझ्याशी बोलायचे, पण कामापुरतं. तिकडे काय झालं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मला वाटायचं, शरमेनं बोलत नसतील. आणि मला त्यांची दयाही यायची. इतकी निर्लज्ज दया मी पुन्हा कुणाची केलेली नाही. महिना संपल्यावर ते मालकांना सांगून, बायकांचा निरोप घेऊन गेले. मी तेव्हा फोनवर होते. त्यांनी काचेतून हात केला.

गाळणी नीट करायला मला दोन दिवस लागले. मालकांनी नवा स्कोप भाड्यानं आणला. मी कानानं फिरवायचे आणि स्कोपवर तपासायचे. इतकं ते सोपं होतं. आणि या वेळी, दुसरं कुणी उरलंच नसल्यामुळे, मालकांना माझं एकटी मुलगी असणं आडवं आलं नाही.

प्रयोगशाळा म्हणजे स्वच्छ, थंड, सगळ्या खोल्या एकसारख्या. परीक्षा घेणारी मुलगी माझ्याच वयाची, केस आखूड कापलेले. तिनं नग लावले, बटणं फिरवली. बिलाच्या शिट्टीशी आली तेव्हा छापील आकडे येण्याआधी तिनं स्वतःच एक इअरफोन कानाला लावला आणि मान हलवली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमच्या कचेरीत तरुण बाई इंजिनिअर किती आहेत?"

"मी एकटीच."

"म्हणजे त्या तुम्हीच. मागच्या वेळी जे गृहस्थ आले होते, ते माझ्याशी तासभर भांडले. वहीत बघत, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, अगदी नम्रपणे, पण भांडले. म्हणाले, यंत्र चुकतंय. मी आकडे दाखवले तरी पटेना. ते म्हणाले, 'माझ्या हाताखाली एक मुलगी आहे, तिनं शेवटी प्रत्येक नग कानाला लावून पाहिलाय. तिला शिट्टी ऐकू आली असती तर ती मला बोलल्याशिवाय राहिली नसती. तुम्ही तिला ओळखत नाही.'"

ती सहज बोलत होती, नग बदलत बदलत.

"मी विचारलं, ती मुलगी किती वर्षांची? ते म्हणाले, चोवीस. मग मी त्यांना सांगितलं, की तुमच्या वयाला ही शिट्टी ऐकू येत नाही, त्यात तुमचा काही दोष नाही. पण चोवीस वर्षांच्या माणसाला ती ऐकू येणारच. मला येते आहे. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग कागद पुढं ओढला आणि सही केली. तुम्ही त्या दिवशी आजारी वगैरे होतात का?"

"हो," मी म्हटलं. "सर्दी होती."

नग पास झाले. मंजुरीचा क्रमांक मिळाला, डब्याच्या बुडाला चिकटवायची चिठ्ठी कशी असावी याचा नमुना मिळाला. मालक मला घ्यायला मुंबईच्या विमानतळावर आले, हार घेऊन. मी वाटभर झोपेचं सोंग घेतलं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. काकांना तिकडेच कळलं होतं. महिनाभर ते सुट्या भागांच्या खोलीत बसून पाकिटं भरत होते तेव्हा त्यांना माहीत होतं. मालकांनी सगळ्यांसमोर त्यांच्या कानांचा विषय काढला तेव्हाही माहीत होतं. मी तिथंच उभी होते. त्यांना माझ्याकडे नुसतं बोट दाखवायचं होतं.

आल्यावर तिसऱ्या दिवशी मी नारायण पेठेत गेले. दुसरा मजला, दोन खोल्या. काकूंनी दार उघडलं आणि त्यांना आनंद झाला, म्हणजे त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. काका खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होते. काकू चहा ठेवायला आत गेल्या. मी बसले नाही, म्हटलं बसले तर बोलता येणार नाही.

"काका, मला ऐकू येत होतं. आठांतले पाच वाजत होते."

"सहा," काका म्हणाले. "एक तुझ्याही कानातून सुटला."

मी म्हटलं, "मी बोलले नाही, कारण... तुमचा मान राखायचा म्हणून."

मी पुन्हा खोटं बोलले. कबुली द्यायला एवढी वाट वाकडी करून गेले, आणि अर्धीच दिली. सुईचं सांगितलं नाही, दहा मिनिटांचं सांगितलं नाही, पासपोर्टचं तर नाहीच नाही.

"मान," काका म्हणाले. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "मला सांगितलं असतंस तर मी रागावलो असतो."

"म्हणूनच तर..."

"चार दिवस बोललो नसतो तुझ्याशी. माझा स्वभावच तसा आहे, काकूला विचार. पाचव्या दिवशी आलो असतो आणि म्हटलं असतं, बरं, आता तू फिरव खडे, मी बसतो बघत." ते थांबले. "चार दिवस गं. तेवढे नाही काढता आले तुला."

काकूंनी चहा आणला. मी तो उभ्यानंच, तोंड भाजत प्यायले. त्यांनी प्रवासाचं विचारलं, थंडीचं विचारलं, मी काय उत्तरं दिली ते आठवत नाही. काका पुन्हा खिडकीकडे वळले होते. जिन्यापाशी मी चपला घालत असताना काकू म्हणाल्या, "आता वरचेवर येत जा गं. पुन्हा कधी येशील?"

मी तोंड उघडायच्या आत आतून काकांनी उत्तर दिलं.

"तिला वेळ नसतो."